पालथं टोपण

१

रोज सकाळी आठ वाजता मी वाडग्यात दोन बादल्या टोपणं ओतायचे आणि बटण दाबायचे. यंत्राचं खरं नाव बाउल फीडर. पण आमच्या कारखान्यात कुठल्याही वस्तूचं खरं नाव दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. यंत्र आलं त्याच संध्याकाळी त्याचा वाडगा झाला.

दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढं पोलादी भांडं. आतल्या भिंतीवर बोटभर रुंदीची वाट, तळापासून काठापर्यंत वेटोळं घेत चढत गेलेली. बटण दाबलं की भांडं गुणगुणू लागतं, आणि डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्यांची ती नखाएवढी पांढरी टोपणं, कुणी न ढकलता, न ओढता, त्या वाटेला लागतात. अर्ध्या चढावर वाटेला एक खाच आहे. तोंड छताकडे असलेलं, म्हणजे उताणं टोपण खाचेवरून पार होतं. पालथ्याचा तिथे तोल जातो आणि ते पुन्हा तळाच्या ढिगात पडतं. पडलं तर पडलं, पुन्हा चढायला लागतं. कधीतरी उताणं होऊन येतं तेव्हा त्याला वाट मिळते. यात डोळा नाही, मेंदू नाही, माणसाचं बोट नाही. बाहेर शिकत असताना चार वर्षं मी या कंपनांच्या मागे वेडी झाले होते, आणि ते वेड घेऊनच परत आले होते.

वाडगा येण्याआधी तिथे टेबल होतं. टेबलावर टोपणांचा ढीग, आणि भोवती बसलेल्या बायका एकेक टोपण चिमटीत धरून उताणं करून लाकडी ताटात लावायच्या. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, त्या टेबलावर सव्वीस वर्षं बसली. गप्पा मारता मारता, न बघता, नुसत्या बोटांनी तिला कळायचं, हे उताणं, हे पालथं. मी परत आले त्या आठवड्यात तिने शेगडीवरचं तापलेलं भांडं हाताने उचललं आणि ते खाली ठेवेपर्यंत माझ्याशी बोलत राहिली. कातडी भांड्याला चिकटून निघाली तेव्हा तिला कळलं, तेही वासाने.

डॉक्टर म्हणाले, बोटांच्या टोकांच्या शिरा मेल्यात. टेबल आजच सुटलं तर उरलेलं टिकेल. आणखी वर्षभर बसली तर सदऱ्याचं बटणही लावता येणार नाही.

मी महिनाभराच्या बोलीवर वाडगा आणवला. बाबांनी अट घातली, ती सरळ होती. महिना संपायच्या आत वाडगा एक अख्खी पाळी, आठ तास, माणसाचा हात न लागता चालला पाहिजे. नाही चालला तर तो परत जाईल, टेबल परत येईल, आणि टेबलावर आत्या परत येईल, कारण तिच्या इतकं भराभर कुणालाच जमत नाही. आत्याला त्या टेबलापासून सोडवायचं, एवढं एकच मला त्या महिन्यात करायचं होतं.

२

तिसऱ्या दिवशी सव्वादहाला पालथं टोपण आलं.

वाडग्यातून वर आलेली टोपणं एका सरळ पट्टीवरून पुढच्या यंत्राकडे जातात. ते यंत्र उताणं टोपण पकडून उलटवतं आणि बाटलीवर दाबतं. पालथं टोपण दाबलं की बाटलीची मान मोडते, भोंगा वाजतो आणि सगळं थांबतं. पहिल्यांदा मी मनाशी म्हटलं, धूळ असेल. अकराला पुन्हा भोंगा. पावणेबाराला पुन्हा.

मी खाच घासून घेतली. स्प्रिंगा आवळल्या, मग सैल केल्या. कंपन कमी केलं तर टोपणं वाटेत बसून राहिली, वाढवलं तर लाह्यांसारखी उडाली. पातळी बघितली, वाडग्याखालच्या जमिनीला दोष दिला, विजेला दोष दिला. हे सगळं करून दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला भोंगा वाजला.

आमचे फिटर, ज्यांना सगळे पानाकाका म्हणतात कारण त्यांच्या खिशात कायम एक पाना असतो, ते चहाचा पेला घेऊन माझ्या मागे उभे राहायचे. त्यांना तो कार्यक्रम फार आवडला होता. त्यांनी मला विचारलं, टोपणं सरकतात कशी, ते तरी सांगा. मी तावातावाने समजावलं, की टोपण सरकत नाहीच, ते उड्या मारतं. सेकंदाला शंभर उड्या, प्रत्येक उडी केसाएवढी. जरासं वर, जरासं पुढे. इतकी लहान उडी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सरकतंय. आणि वाडगा त्याला फक्त पुढेच उडू देतो, मागे नाही.

पानाकाकांनी चहा संपवला. म्हणाले, "ताई, एवढं कळतंय तुम्हाला, मग त्या टोपणाला का नाही सांगत?"

आठवडा संपेपर्यंत सलग आठ तास सोडाच, सलग आठ मिनिटंही मला सुखाने बसता आलं नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते काय, हे मी रोज सव्वादहाला शिकत होते.

३

मग मी स्टूल घेतलं आणि वाडग्यासमोर बसले. म्हटलं, डोळ्यांनी बघते कुठून पार होतंय ते.

पालथी टोपणं खाचेपाशी आली आणि पडली. एकूण एक. साडेतीन तासांत एकही पालथं खाच ओलांडून गेलं नाही. तरी भोंगा चार वेळा वाजला.

याचा अर्थ टोपण खाचेनंतर उलटत होतं. आणि ते शक्य नव्हतं. खाचेनंतर लगेच सरळ पट्टी सुरू होते, आणि तिच्यावर पारदर्शक झाकण आहे. टोपण आणि झाकण यांच्यात कागद जाईल एवढीच फट. उलटायला टोपणाला आडवी कूस घ्यावी लागेल, आणि तेवढी जागाच नाही. दार न उघडता कपाटातल्या माणसाने कोलांटी मारल्यासारखं होतं ते.

मी फोन समोर ठेवून चित्रण केलं आणि एकेक चित्र थांबवून बघितलं. झाकणाखाली टोपणांची रांग, सगळी उताणी. पुढच्या चित्रात तीच रांग, तीच टोपणं, मधलं एक पालथं. दोन चित्रांच्या मध्ये सेकंदाचा तिसावा भाग. त्या तिसाव्या भागात काय झालं ते चित्रणात नव्हतं.

मी स्वतःला बजावलं, चित्रणाची मर्यादा आहे. मग मी झाकण काढून बघितलं, झाकण बदलून बघितलं, आणि शेवटी, कबूल करते, त्या यंत्राला एक लाथ घातली.

पानाकाका म्हणाले, "त्याला पुढे जायचं नसेल हो, ताई. पालथं पडलं की परत पाठवतात, हे त्याला कळलं असेल. खाच चुकली, म्हणून पुढे जाऊन पालथं पडतंय बिचारं."

मी त्यांना म्हटलं, तुमच्याकडे काही काम नसेल तर मला पाच नंबरचा पाना द्या. ते हसत गेले. संतापाने माझे कान गरम झाले होते.

४

दुसऱ्या सोमवारी आत्या खाली आली. आम्ही कारखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहतो. ती मला डबा द्यायला आली होती, आणि बोलता बोलता तिने, जशी एखाद्या मुलाच्या पाठीवर हात ठेवते तशी, वाडग्याच्या काठावर उजव्या हाताची बोटं टेकली.

सव्वादहा झाले. भोंगा वाजला नाही. ती जेवायला वर जाईपर्यंत एकही पालथं आलं नाही. ती गेली आणि दहा मिनिटांत आलं.

योगायोग. दोन दिवस मी योगायोगच म्हणत होते. मग बाबांच्या लक्षात आलं, आणि बाबांना एखादी गोष्ट लक्षात आली की ती लगेच नियम होते. त्यांनी वाडग्याजवळ आत्यासाठी रबरी चटई टाकली. म्हणाले, झालं की काम, तिने नुसतं उभं राहायचं. मी म्हटलं, बाबा, अट होती माणसाचा हात न लागता. ते म्हणाले, हात लागतोय कुठे, टेकतोय.

मी दुपारभर भांडले. डॉक्टरांचा कागद नाचवला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, कंपन वर्ज्य. जिला टेबलापासून सोडवायला हे आणलं तिलाच याला बांधायचं असेल तर टेबल काय वाईट होतं, असं विचारलं. बाबा म्हणाले, तू फार शिकलीस, त्याचा त्रास आम्हाला का?

शेवटी मी आत्यालाच धरलं. तिला म्हटलं, हात काढ.

"अगं, कळतंय मला," ती म्हणाली.

"काय कळतंय?"

"बोटांना. किती वर्षांनी." तिने बोटं न उचलता माझ्याकडे बघितलं. चेहरा उजळला होता. "टेबलावर मी एकेकीला हाताने वळवायचे. बळजबरीच ती. इथे त्या आपणहून वळतात. मी फक्त म्हणायचं, चला."

टोपणाला ती स्त्रीलिंगी कधीपासून म्हणायला लागली, हे मी विचारलं नाही. वैतागात माणूस व्याकरणाकडे लक्ष देत नाही.

५

ती दिवसाचे सहा तास तिथे उभी राहू लागली. मी भांडायचे, ती हसायची, बाबा पाठ फिरवायचे.

घरी काही गोष्टी माझ्या लक्षात आल्या. प्रत्येकीला कारण होतं, म्हणून मी त्या एकत्र मांडल्या नाहीत.

तिच्या पुढ्यातला पाण्याचा पेला जेवण संपेपर्यंत टेबलाच्या कडेला गेलेला असायचा. ती वाकून बसते, धक्का लागत असेल. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तर चपलांचा आवाज येत नसे. चपला मऊ होत्या. मी तिचा हात हातात घेतला की आत काहीतरी बारीक गुणगुणायचं, लांबच्या प्रवासानंतर अंग रस्त्यावरच असतं तसं. सहा तास कंपनावर हात ठेवल्यावर हे होणारच, मी तिला वैतागून सांगितलं. ती म्हणाली, "असू दे गं, सोबत होते."

आणि ती पालथी झोपायला लागली. उशीत तोंड खुपसून, दोन्ही हात अंगाखाली दाबून, पलंगाच्या कडा गुडघ्यांनी धरल्यासारखी. पूर्वी ती कधी तशी झोपत नसे. डॉक्टरांनी तर बजावलं होतं की पाठीवर झोपायचं, हात मोकळे, म्हणजे शिरा दबणार नाहीत. मी झोपायच्या आधी तिच्या खोलीत डोकावायचे आणि तिला वळवून उताणी करायचे. सोपं नव्हतं ते. झोपेत तिचं अंग आडमुठेपणा करायचं, गादीला चिकटून राहायचं. मी खांद्याखाली हात घालून, पुटपुटत, जवळजवळ रागाने तिला वळवायचे. एकदा वळली की मात्र अगदी हलकी व्हायची.

बारा दिवस मी हे न चुकता केलं. दिवसा ती माझं ऐकत नव्हती, निदान झोपेत तरी ऐकू दे, असं मला वाटायचं.

६

महिना संपायला तीन दिवस राहिले. आत्याशिवाय वाडगा चालवायचा तर टोपण झाकणाखाली कसं उलटतं, ते मला बघायलाच हवं होतं. मी शिकले त्या प्रयोगशाळेतून येताना एक दिवा आणला होता, फार वेगाने लुकलुकणारा. वाडगा सेकंदाला शंभर वेळा हलतो. दिवा सेकंदाला नव्व्याण्णव वेळा लुकलुकवला, तर त्या प्रकाशात वाडग्याची हालचाल अगदी संथ झाल्यासारखी दिसते. टोपणाची उडी डोळ्यांना दिसते. जे स्थिर आहे ते स्थिरच दिसतं.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे बाहेर ओट्यावर गेले. मी शटर ओढलं, दिवे घालवले, वाडगा चालूच ठेवला. आत्या चटईवर उभी होती. ती म्हणाली, तू कर तुझं, माझा अडथळा नाही.

दिवा लावला. टोपणं वाटेवर हळूहळू उचलली जात होती, हवेत जरा तरंगत होती आणि केसभर पुढे उतरत होती. सगळी एकदम, एका श्वासात. इतकी वर्षं मी हे फक्त समीकरणात मांडत आले होते. मी झाकणाखालची रांग बघण्यासाठी खाली वाकले, आणि दिव्याचा झोत वाडग्याच्या पलीकडे जमिनीवर गेला.

यंत्राचे पाय स्थिर होते. स्टूल स्थिर होतं. रबरी चटई स्थिर होती.

चटईवर आत्याचे पाय होते. ते हळूहळू उचलले गेले. दोन्ही, एकदम, सपाट. तळव्यांखाली प्रकाशाची एक बारीक रेघ उमटली, पलीकडची भिंत दिसावी इतकी. मग ते उतरले. केसभर पुढे. पुन्हा उचलले.

मी दिवा तिच्या तोंडावर नेला. ती शांत उभी होती, मान ताठ, चेहरा छताकडे. पुढे भिंत होती, हातभर अंतरावर.

"आत्या," मी म्हटलं, "इकडे ये."

"बाजूला हो गं जरा," ती कुजबुजली. "मागचे खोळंबलेत."

तिच्या मागे खोली रिकामी होती. मी दिवा तिकडे वळवायला लागले होते. झोताची कडा तिच्या टाचांच्या पलीकडे पोचली, आणि तिथे जमिनीलगत प्रकाशाची आणखी एक रेघ उमटली. आणि तिच्या मागे आणखी एक. मी हात मागे घेतला. पुढे बघितलं नाही. काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

७

मी वाडग्याचं बटण बंद केलं. गुणगुण थांबली. टोपणं जिथल्या तिथे थांबली, निव्वळ प्लास्टिक. मी दिवा स्टुलावर ठेवला होता, तो लुकलुकतच होता, आणि त्यात आत्याचे पाय उचलले जात होते, उतरत होते.

मी तिचा हात धरून दाराकडे ओढलं. ती हलली नाही. मी सारं वजन टाकलं. माझी आत्या, जी उभ्या आयुष्यात पन्नास किलोच्या वर गेली नाही, ती खांबासारखी होती. मग ओढता ओढता माझा तोल तिच्या अंगावर गेला आणि ती भिंतीच्या दिशेने अगदी सहज सरकली. फक्त पुढे. मागे नाही. मी स्वतःच हे पानाकाकांना शिकवलं होतं.

त्या वाटेवरून परत येतं ते एकच, पालथं. आणि गेले बारा दिवस जीव तोडून पालथी पडणाऱ्या तिला मी वळवत आले होते.

मी तिच्या गुडघ्यांच्या मागे खांदा घातला आणि तिला भिंतीलगत आडवं पाडलं. तिचं नाक आपटू नये म्हणून तिच्या तोंडाखाली माझा हात धरला. ती पडताना अंग फिरवत होती, उताणी व्हायला बघत होती. मी तिच्या पाठीवर बसले. सव्वीस वर्षं मान खाली घालून बसलेली, मला सायकल शिकवताना रस्ताभर मागून धावलेली माझी आत्या. मी तिला गुडघ्याने जमिनीवर दाबून धरलं होतं.

"नको गं," ती जमिनीला गाल टेकून म्हणाली. "एवढी वर आले मी."

मी म्हटलं, माफ कर. मी सोडणार नाही. तिच्या पाठीतून ती गुणगुण माझ्या हातात येत होती. मग गुणगुण किंचित उतरली. मी दिव्याकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं. पाय अजून थरथरत होते, पण रेघ बारीक होत चालली होती. आणखी थोडा वेळ, एवढंच मला कळत होतं. दोन मिनिटं, पाच मिनिटं. मी मनात मोजायला लागले.

शटर वर गेलं. ऊन आत आलं आणि दिव्याचा प्रकाश दिसेनासा झाला. बाबा आणि पानाकाका दारात उभे होते. त्यांना दिसलं ते असं, की आत्या तोंडावर पडली आहे आणि मी तिच्या पाठीवर बसले आहे.

मी सांगायचा प्रयत्न केला. तिला असंच राहू द्या, थोडा वेळ, पालथीच, मी नंतर सगळं समजावते. शब्द माझ्याच कानांना वेड्याचे वाटले. बाबा धावत आले. त्यांनी मला ढकललं. मी तिच्या घोट्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"अगं, श्वास कोंडेल तिचा," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी माया मी कधी ऐकली नव्हती. "आधी उताणी करू दे तिला."

त्यांनी तिच्या खांद्याखाली हात घातले. पानाकाका माझ्याशेजारी उकिडवे बसले, आणि, "सोडा, ताई, सोडा," असं हळू हळू म्हणत, आत्याच्या पायावरून माझी बोटं एकेक करून सोडवू लागले.